कुंडीतल्या लाल मुंग्या, जास्वंदावरचे मुंगळे: एका अंगणाचं प्रकरण

पुण्यातलं जुनं बैठं घर. पुढे तीस बाय पंधरा फुटांचं अंगण, त्यातलं निम्मं शहाबादी फरशीचं, सांध्यांतलं सिमेंट जागोजाग उडालेलं. कंपाउंडच्या भिंतीलगत जमिनीत एक जास्वंद आणि एक कढीपत्ता. मधोमध विटांचं तुळशीवृंदावन. फरशीवर बावीस कुंड्या: मोगरा, गुलाब, मिरची, गवती चहा, कोरफड, शिवाय मेथी-कोथिंबिरीचे दोन पसरट टब. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली ओल्या कचऱ्याच्या खताचा ड्रम. हे अंगण नमुन्याचं म्हणून मांडलं आहे. जुन्या बंगल्यांच्या कुठल्याही गल्लीत असं एखादं सापडेल. महिना मे, शेवटचा आठवडा. वळिवाची एक सर होऊन गेलेली.

तक्रारी चार होत्या. कुंडीला हात लावला की लाल मुंग्या मनगटापर्यंत चढतात आणि कडकडून चावतात. मेथी दोनदा पेरली, उगवलीच नाही. जास्वंदाच्या कळ्या पांढऱ्या पिठात माखून गळतात आणि फांद्यांवर मुंगळ्यांची ये-जा थांबत नाही. स्वयंपाकघराच्या ओट्यावर बारीक मुंग्यांची रांग. घरच्यांच्या लेखी हे एकच दुखणं होतं, आणि औषधही एकच: दर आठ दिवसांनी कुंड्यांच्या भोवती आणि मातीवर मुंग्यांची पावडर.

या पावडरीला मोठी माणसं अजून 'गॅमेक्सीन' म्हणतात. ते मूळ गॅमेक्सीन म्हणजे बीएचसी, बेंझीन हेक्साक्लोराइड नावाचं कीटकनाशक. त्यावर भारतात १९९७ साली बंदी आली, आणि त्याचाच शुद्ध भाऊ लिंडेन २०१३ पासून वापरातून बाद झाला. आता पुडीत मॅलॅथिऑन किंवा एखादं कृत्रिम पायरेथ्रॉइड असतं. मुंग्यांचा खडूही बहुधा पायरेथ्रॉइडचाच. काही माळी कुंडीच्या तळाशी फोरेट या जहाल कीटकनाशकाचे दाणे टाकत. ते २०२० अखेर बंद झाले, पण पोटमाळ्यावर जुनी पुडी सापडते आणि 'वाया कशाला घालवा' म्हणून चिमूटभर वापरलीही जाते. मिरची आणि कढीपत्ता खायचा आहे, एवढं एक कारण ती न वापरायला पुरे.

विषारीपणा बाजूला ठेवला तरी पावडर इथे चाललीच नव्हती. ती मारते फक्त समोर सापडणाऱ्या मुंगीला, म्हणजे बाहेर हिंडणाऱ्या कामकरी मुंगीला. राणी, अळ्या आणि बहुसंख्य मुंग्या मातीत असतात, त्यांना पावडरीचा पत्ताही लागत नाही. काही जातींत एका वसाहतीत अनेक राण्या असतात. अशी वसाहत त्रास झाला की फुटते, एकेक राणी थोड्या मुंग्या आणि अंडी घेऊन दुसरीकडे बस्तान मांडते, आणि एका घराची तीन घरं होतात. तिसरं नुकसान जास्वंदावर झालं होतं. तिथलं पांढरं पीठ म्हणजे पिठ्या ढेकूण, झाडाचा रस शोषणारी मेणकट कीड: ते खाणारे ढालकिडे आणि त्यांच्यात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या पावडरीने आधी गेल्या, ढेकूण मेणाच्या पांघरुणाखाली सुखरूप राहिले.

कोण कुठे आहे

पहिले दोन दिवस काहीही मारलं नाही, फक्त पाहिलं. मे महिन्यात दुपारी फरशी तापलेली असते, मुंग्या आत बसतात. म्हणून वेळ संध्याकाळी साडेसहा ते आठ, हातात टॉर्च. जिथे जिथे वर्दळ होती तिथे पुठ्ठ्याच्या तुकड्यावर दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या: साखरपाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा आणि चिमूटभर शेंगदाण्याचा कूट. पाऊण तासाने पाहायचं कोण कशावर आहे. हे सोपं वाटतं म्हणून लोक टाळतात, आणि मग लाल मुंगीपुढे साखर ठेवून 'काही उपयोग नाही' म्हणतात.

अंगणात तीन वेगळी बिऱ्हाडं निघाली.

जास्वंदावरचे मोठे काळे ते मुंगळे, कुठे त्यांना डोंगळे म्हणतात. शास्त्रीय नाव कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. त्यांचं घर भिंतीलगत जमिनीत. कुंड्यांशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. ते साखरेवर आले.

कुंड्यांतल्या आणि फरशीच्या सांध्यांतल्या तांबूस-तपकिरी मुंग्या, चावणाऱ्या, म्हणजे सोलेनॉप्सिस जेमिनाटा. ओळख पटवायची तर कुटावर जमलेल्या मुंग्यांकडे भिंग धरून पाहावं. बहुतेक लहान असतात, पण मधूनच एक मुंगी अशी दिसते की तिचं डोकं बाकीच्या अंगाला शोभत नाही: मोठं, चौकोनी, मागे मधोमध खाच पडलेलं. ही त्यांची जातं फिरवणारी. बिया फोडून भरडायचं काम तिचं. मेथी न उगवण्याचं कोडं इथेच सुटलं. बियाणं खराब नव्हतं, पेरलेलं रातोरात फरशीखालच्या कोठारात गेलं होतं. कुटावर या मुंग्या तुटून पडल्या, साखरेवर तुरळक.

तिसऱ्या मुंग्या ओट्यावरच्या आणि कचऱ्याच्या ड्रममधल्या. जेमतेम दीड मिलिमीटर, डोकं काळपट आणि पोट इतकं फिकट की पांढऱ्या ओट्यावर नुसते ठिपके पळताना दिसतात. बोटाने चिरडली की खवट खोबऱ्यासारखा वास येतो. ही टॅपिनोमा मेलॅनोसेफॅलम, अनेक राण्यांची, पावडर पडली की फुटणारी. साखरेवर पाच मिनिटांत हजर.

कढीपत्त्यावर आणि मोगऱ्यावरही मुंग्या होत्या, पण तिथे कीड नव्हती. नुसती मुंगी झाडावर दिसली म्हणजे झाड आजारी आहे असं नसतं. चवळी आणि कृष्णकमळ तर पानांच्या देठाशी स्वतःच मध पाझरून मुंग्यांना बोलावतात, अळ्या हुसकायला. अशा झाडांवरच्या मुंग्या पुसत बसू नये.

जास्वंद: मुंगळ्यांना हात न लावता

मुंगळे जास्वंदावर जातात ते पिठ्या ढेकणांच्या चिकट्यासाठी. ढेकूण झाडाचा रस शोषतो, त्यातली जादा साखर मागून थेंबाने टाकतो. हा थेंब मुंगळा पितो आणि मोबदल्यात ढेकणाची राखण करतो: ढालकिडा आला की चावून हाकलतो. जो चिकटा मुंगळ्यांकडून उरतो तो खालच्या पानांवर पडतो आणि त्यावर काजळी धरते. म्हणून काळी पानं दिसली की नजर वरच्या फांदीकडे न्यायची.

एक जास्वंद, साधारण सहा फूट. त्याला केलं ते असं. माखलेले शेंडे आणि कळ्या कात्रीने कापून सरळ साबणपाण्याच्या बादलीत टाकल्या, झाडाखाली नाही; खाली टाकलेल्या शेंड्यावरची पिल्लं चालत परत येतात. मग तीन दिवस रोज सकाळी पाइपच्या तोंडावर अंगठा धरून पानांच्या खालून जोराचा फवारा. एवढ्यानेच निम्मं काम होतं. चौथ्या दिवशी संध्याकाळी फवारणी: एक लिटर कोमट पाण्याला ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि २ मिली सौम्य द्रव साबण. क्रम महत्त्वाचा. आधी तेल आणि साबण वाटीत घोटून दुधी करायचं, मग त्यात थोडं थोडं पाणी. पाण्यात तेल ओतून हलवलं तर ते वर तरंगतं, फवाऱ्यातून आधी नुसतं पाणी येतं आणि शेवटी निखळ तेल, आणि त्या शेवटच्या फवाऱ्याने पानं भाजतात. केलेलं त्याच दिवशी संपवायचं. आदल्या दिवशी एका फांदीवर मारून बघायचं, झाड सुकलेलं असेल तर आधी पाणी द्यायचं, आणि उन्हात कधीही नाही.

फवारणी दर सात दिवसांनी, तीन वेळा. एकदा मारून सोडलं तर अंड्यांच्या कापसासारख्या पिशव्या तशाच राहतात. अंडी साधारण आठवड्याभरात फुटतात आणि दहाव्या दिवशी 'पुन्हा आले'.

तिसऱ्या फवारणीआधी मात्र थांबावं लागलं. फांदीवर ढेकणापेक्षा मोठं, पांढऱ्या मेणाच्या झालरी सोडलेलं काहीतरी चालत होतं. घरच्यांनी ते 'ढेकणांचा बाप' समजून चिरडायला घेतलं होतं. ही ढालकिड्याची अळी. तिचा वेश हुबेहूब ढेकणासारखा असतो, फरक फक्त चालीत: ढेकूण बसून असतो, ही भराभर फिरते. भारतात द्राक्षबागांत पिठ्या ढेकणावर सोडतात तो क्रिप्टोलेमस नावाचा ढालकिडा, त्याची अळीही अशीच दिसते. अशा अळ्या दिसल्या की फवारणी बंद, उरलेले ढेकूण त्यांच्यावर सोपवायचे. इथे तेच केलं. मात्र त्यांना काम करू द्यायचं तर मुंगळे फांदीपासून दूर हवेत, नाहीतर ते या अळ्यांनाही टिकू देत नाहीत.

त्यासाठी चिकटपट्टी. जास्वंदाला खालपासून चार खोडं होती, त्यातली दोन बारीक कापली. उरलेल्या दोघांना जमिनीपासून फूटभर वर कापडाची पट्टी, तिच्यावर प्लॅस्टिकची चार इंची पट्टी घट्ट बांधून, प्लॅस्टिकवर ग्रीसचा थर. ग्रीस सालीला थेट लावायचं नाही, साल काळी पडून मरते. कापड आत हवंच. खोडाला खाचा असतात आणि मुंग्या प्लॅस्टिकखालच्या फटीतून निघून जातात. उत्तरेत आंब्यावरच्या पिठ्या ढेकणासाठी हाच उपाय पंचवीस सेंटिमीटर रुंद पॉलिथीनने करतात, पिल्लं जमिनीतून वर चढतात तेव्हा. पट्टी बांधली आणि दुसऱ्या दिवशीही मुंगळे वर दिसले. कारण भिंतीला टेकलेली एक डहाळी. ती वीतभर छाटली तेव्हा रस्ता बंद झाला. ग्रीसवर धूळ आणि मेलेल्या मुंग्यांचा पूल होतो, म्हणून आठवड्याने पुसून नवं.

मुंगळ्यांचं घर जिथे होतं तिथेच राहिलं. ते अळ्या आणि मेलेले किडे उचलतात, माती भुसभुशीत करतात. जास्वंदावरून हटले की तक्रार संपली.

कुंड्या: पाणी हेच औषध

बावीसपैकी नऊ कुंड्यांत लाल मुंग्यांची वस्ती होती आणि त्या नऊंत एक साम्य होतं. सगळ्या फरशीवर थेट टेकलेल्या, आणि सगळ्यांची माती आतून कोरडी ठाक. रोज पाणी घातलं जात होतं तरीही. निम्मं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, असलेलं मिश्रण एकदा पुरतं वाळलं की पाणी धरत नाही; वरून ओतलेलं पाणी कुंडीच्या कडेने सरळ खाली जातं, बशी भरते, आणि माणसाला वाटतं झाड तृप्त झालं. मधला गोळा मात्र उबदार, कोरडा, पोकळ. मुंगीला याहून बरी जागा कुठली? शिवाय शेंगदाण्याची पेंड आणि हाडांचा चुरा महिन्यातून दोनदा पडत होता, म्हणजे घराबरोबर शिधाही.

आठ-दहा इंची कुंड्या अशा बुडवल्या. मोठा टब, त्यात कुंडी, आणि शेजारी कोरड्या भुसभुशीत मातीने भरलेला रिकामा डबा. दोन्हींच्या काठांवरून एक काठी आडवी. टबाच्या काठाला साबणाचं बोट फिरवायचं, नाहीतर मुंग्या काठावरून हातावर येतात. मग टबात पाणी हळूहळू सोडायचं, दहा मिनिटं तरी लागली पाहिजेत. पाणी तळाच्या भोकातून वर चढतं, बुडबुडे येतात, आणि थोड्याच वेळात माती जणू उकळायला लागते: मुंग्या तोंडात पांढरे दाणे धरून वर येतात. ते दाणे म्हणजे त्यांच्या अळ्या आणि कोष. त्यांना कोरडी जागा हवी असते, काठी सापडली की रांग डब्याकडे वळते. पाणी कुंडीच्या काठाखाली दोन बोटं थांबवायचं आणि अर्धा तास तसंच ठेवायचं. अर्ध्या तासापलीकडे नको. मुळांना हवा लागते, आणि गुलाब-कोरफड तर लगेच रुसतात.

डब्यातल्या मुंग्यांचं काय करायचं हा प्रश्न येतोच. निरुपद्रवी काळ्या असत्या तर कंपाउंडच्या टोकाला डबा उलटा केला असता. या चावणाऱ्या होत्या आणि अंगणात लहान मुलं अनवाणी खेळतात, म्हणून डबा साबणपाण्याच्या बादलीत. साबण हवा, कारण नुसत्या पाण्यावर या मुंग्या एकमेकींना धरून तराफा करतात आणि तरंगत राहतात.

घाई झाली तिथे चूक झाली. पहिल्या दोन कुंड्यांत नळ मोठा सोडला, पाणी वरून मातीवर आलं, मुंग्या काठीकडे न जाता झाडावर चढल्या. पाणी उतरल्यावर सगळ्या परत घरात. राणी बहुधा शेवटी निघते, कधी निघतच नाही; म्हणून चार दिवसांनी दुसरी बुडी. नऊपैकी दोन कुंड्यांत आठवड्याने पुन्हा मातीचे ताजे कण दिसले, त्या कुंड्या उलट्या केल्या. आत मुळांचं जाळं कुंडीच्या आकाराचं झालेलं, मधे मुठीएवढी पोकळी, आणि कडेच्या मुळांवर पांढरं मेण. मुळांवरचे पिठ्या ढेकूण. वरून कितीही फवारा, हे दिसत नाहीत. मुळं धुतली, बाहेरची तिसरा भाग कापली, नवी माती, आणि त्यात दहा इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. पेंड मुंग्या मारत नाही. मातीला बसायला नकोशी करते, एवढंच.

बारा इंचांपुढची भिजलेली कुंडी दोघांशिवाय उचलू नये. अशा चार कुंड्यांना टब नव्हता. काठीने मातीत तळापर्यंत पाच-सहा भोकं पाडली, पहिल्या झारीत दोन थेंब साबण टाकला म्हणजे कोरडं कोकोपीट पाणी घेतं, आणि पंधरा-पंधरा मिनिटांच्या अंतराने तीनदा पाणी. सलग आठ दिवस असं केलं की वस्ती स्वतःहून उठते. कुठे उठून जाते, ते पुढे.

नंतर सगळ्या कुंड्या विटेच्या तुकड्यांवर उचलल्या, खाली बोटभर फट. भोकावर मच्छरदाणीची जाळी लावायचा सल्ला नेहमी मिळतो. तिच्यातून माती गळत नाही हे खरं, पण लाल मुंगी आरामात जाते. खरा अडथळा पाण्याच्या बशीचा. जुन्या घरांत जाळीच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या असायच्या, तेच तत्त्व. मिरचीच्या दोन कुंड्यांखाली तशा बशा ठेवल्या, कुंडी बशीत विटेवर, मधे पाणी. पाण्यात दोन थेंब साबण, आणि दर पाच दिवसांनी बशी घासून नवं पाणी. डेंगीचा डास आठवड्याभरात बशीत तयार होतो. ज्यांच्याकडून ही शिस्त पाळली जाणार नाही त्यांनी बशी ठेवूच नये. मुंगी चावलेली परवडली.

आमिष: कमी घातलं तरच लागतं

ड्रम आणि ओट्यावरच्या बारीक मुंग्यांना बुडवायला कुंडी नव्हती. त्यांच्यासाठी बोरिक. औषधांच्या दुकानात बोरिक पावडर म्हणून मिळते. कॅरमची पावडर पूर्वी तीच असे, हल्ली बरेचदा दुसरंच काही असतं, म्हणून पुडीवर वाचूनच घ्यावी.

अर्धा लिटर कोमट पाणी, ५० ग्रॅम साखर, आणि सपाट एक छोटा चमचा बोरिक, म्हणजे साधारण ४ ग्रॅम. हे पाऊण-एक टक्का होतं. चमचा सपाटच. इथेच बहुतेकांचं चुकतं, कारण घरोघरी फिरणारी कृती 'साखर आणि बोरिक समसमान' अशी असते. तेवढ्या बोरिकने मुंगी वाटेतच मरते. आपल्याला ती घरी पोचायला हवी आहे. कामकरी मुंगी घन खाऊ शकत नाही, द्रव पिते, पोटातल्या एका वेगळ्या पिशवीत साठवते आणि घरी गेल्यावर तोंडाने इतरांना पाजते. राणीपर्यंत हे असं, घोटाघोटाने पोचतं. कोरडा रवा टाकला की मुंगी खाते, फुगते आणि फुटते, ही समजूतही यामुळेच निकालात निघते.

श्रीखंडाचा पावशेराचा डबा, झाकणाखाली चारी बाजूंना तापवलेल्या खिळ्याने दोन मिलिमीटरची भोकं. त्याहून मोठी नकोत. साखर उघडी दिसली की मधमाश्या येतात. आत भिजवलेला कापूस, झाकण बंद, वर वीट, बाजूला मार्करने 'विष' असं लिहून. डबा रांगेच्या वाटेवर, सावलीत, कुंडीपासून दोन फूट लांब. कुंडीत बोरिक सांडलं तर जुन्या पानांच्या कडा पिवळ्या होऊन करपतात आणि ते मातीतून काढणं अवघड असतं. लहान मुलं आणि कुत्रं-मांजर यांच्या हाती-तोंडी डबा लागता कामा नये. बोरिक इतर विषांपेक्षा सौम्य आहे, बिनविषारी नाही.

पहिल्या दिवशी ओटा काळा झाला. एवढ्या मुंग्या कधीच नव्हत्या, असं वाटलं, आणि फडकं फिरवायची सगळ्यांना सुरसुरी आली. हीच वेळ हात मागे ठेवायची. चौथ्या दिवशी गर्दी ओसरली, आठव्या दिवशी परत थोडी वाढली, कारण मे महिन्याच्या उन्हात कापसातलं पाणी उडून गेलं होतं आणि उरलेल्या पाकात बोरिक चौपट दाट झालं होतं. तेव्हापासून दर दोन दिवसांनी कापूस बदलला. तीन आठवडे हा क्रम चालला. एकीकडे डबा आणि दुसरीकडे फिनाइल, असं करून चालत नाही. डब्याच्या वाटेवर कुठलाही वास नको.

ड्रमचं दुखणं मुळात कोरडेपणाचं होतं. वाळका पाला जास्त, पाणी नाही. मूठभर कचरा दाबला की एखाद-दुसरा थेंब निघावा इतकी ओल केली, चार दिवसांनी वरखाली केला, आणि जीवामृत या शेण-गोमूत्राच्या पातळ खतासाठी आणलेला गूळ उघड्यावर ठेवणं बंद केलं.

लाल मुंग्यांना तेलकट आमिष लागतं: ताज्या शेंगदाण्याच्या कुटाचे वीस छोटे चमचे आणि बोरिकचा एक, डब्यात चिमूट-चिमूट. खवट कूट त्या शिवतही नाहीत. हे त्यांच्या अळ्यांसाठी घरी नेलं जातं, म्हणून परिणाम उशिरा, दोन-अडीच आठवड्यांनी दिसला, आणि तोही अर्धवट.

फरशीचे सांधे

कुंड्यांतून उठलेल्या वस्त्या गेल्या फरशीखाली. तिथे उकळतं पाणी. टेक्सासमध्ये याच कुळातल्या दुसऱ्या लाल मुंगीवर केलेल्या कामात एका वारुळाला साधारण अकरा लिटर उकळतं पाणी ओतलं तर दहापैकी सहा वेळा ते मरतं असा अनुभव आहे. म्हणजे एक किटली पुरत नाही आणि एक खेप नेहमी पुरत नाही. सकाळी ऊन चढताना वस्ती वरच्या थरात असते, तेव्हा सळईने सांधा उकरून एकदम ओतायचं. पायात बूट, मुलं घरात. झाडाच्या बुंध्यापासून दोन फुटांच्या आत हे करायचं नाही, आणि कुंडीत तर कधीच नाही. पाच जागांपैकी दोन पहिल्या खेपेत संपल्या, दोन दुसऱ्या. मग सांध्यांत सिमेंट भरलं.

पाचवी जागा तुळशीवृंदावनाच्या पायाशी होती, आणि तिथे ना उकळतं पाणी चाललं ना बोरिक. वृंदावनाला बुडवता येत नाही, आणि तुळशीशेजारी विष ठेवायला घरातल्या आजींची तयारी नव्हती. त्यांच्याशी बोलताना मूळ हाती लागलं. रोज दिव्याचं तेल विटांवर ओघळत होतं, नैवेद्याची दूध-साखर मातीतच ओतली जात होती, आणि शनिवारी मुंग्यांना पीठही घातलं जात होतं. पीठ घालणं थांबवायला सांगितलं नाही. ते कंपाउंडच्या मागच्या कोपऱ्यात, उंबराखाली घालायचं ठरलं. निरांजनाखाली ताटली आली, नैवेद्य ताटलीत दाखवून उचलला जाऊ लागला. वृंदावनाच्या मातीत बाटलीला बारीक भोक पाडून रोज लिटरभर पाणी ठिबकवलं. लाल मुंग्या दहा-बारा दिवसांत तिथून हलल्या.

मेथी तिसऱ्यांदा पेरली ती बी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणून. मोड आलेलं बी मुंग्या कमी उचलतात, आणि दोन दिवसांत ते मुळं धरतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला आणि जमिनीतली घरं पाण्याने भरली. मुंग्या पुन्हा उंच, कोरडी जागा शोधत निघाल्या. या वेळी कुंड्या ओल्या होत्या आणि विटांवर होत्या, त्यामुळे वस्ती फक्त एका कुंडीत झाली: पागोळीआड, पावसाचा थेंबही न पोचणाऱ्या कोपऱ्यात ठेवलेल्या कोरफडीच्या. तिला टबात बुडवली, आणि नंतर पागोळीखाली सरकवली.